परदेशी साखरेचा डबा

“किराणा दुकानातली साखर?” बद्रीनाथ सरांनी आबेदाच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मेलेल्या झुरळासारखं चिमटीत धरलं आणि टेबलावर टाकलं. “हे काढून टाका. नाहीतर माझी सही मिळणार नाही.”

प्रबंध आज पाचच्या आत जमा करायचा होता. चार वर्षं त्या एका सहीवर अडकली होती.

भाताच्या दाण्यापासून बाटलीत पेशींचा गोळा वाढवायचा आणि त्याला कोंब आणायचे, हे सरांच्या प्रयोगशाळेतलं काम. बाटलीतल्या गोळ्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, त्याला साखर द्यावी लागते. ती परदेशी माल्टोजच हवी, असा सरांचा हुकूम. स्वस्त वस्तूंचा त्यांना मनापासून तिटकारा. माणसांचाही. मिश्रण तोलायचं, उकळायचं, भरायचं काम शिपाई मुंजाबाचं. सरांनी कधी तराजूला बोट लावलं नाही.

आबेदानं गुपचूप दुकानातल्या साखरेवर वीस बाटल्या लावल्या होत्या. वीसही हिरव्या झाल्या.

“वीस बाटल्यांना पुरावा म्हणत नाहीत,” सर म्हणाले. त्यांनी मागच्या फळ्यांकडे हात केला. “त्या सहाशे बघा. दोन वर्षांचं काम. सगळ्यांना कोंब. याला म्हणतात माल्टोज!”

मुंजाबा चहा घेऊन आला. सरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“फिका! रोजच फिका! बघा बाई, ही तुमची दुकानातली साखर. हिला चहा गोड करता येत नाही, आणि म्हणे हिच्यावर भात उगवतो!”

मुंजाबाला ते लागलं. हर्सूलच्या मेंढपाळाचा तो पोरगा, पण कामात कधी कुचराई केली नव्हती.

“सर, तुमच्या चहात दुकानातली साखर? मी? तुम्हीच म्हनला व्हता, असली साखर गुरांना घाला. तवापासून तुमचा चहा त्या परदेशी डब्यातल्या साखरंचाच करतो. दोन वर्षं झाली.”

माल्टोजला साध्या साखरेच्या जेमतेम निम्मी गोडी, म्हणून चहा फिका! आबेदा उठून उभी राहिली. “आणि बाटल्यांत काय घालता, मुंजाबा?”

“गारखेड्याच्या दुकानातली. भात म्हंजी गवतच की, ताई. गवताला कशाला एवढी म्हागाची?”

सरांनी कप खाली ठेवला आणि मागच्या फळ्यांकडे वळून बघितलं. आबेदानं प्रकरण उचललं, पानं सारखी केली आणि पेन उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

“सर, आता सहाशे वीस झाल्या.”