गाण्यानंतरची खुर्ची

"गाण्यांच्या फायली दाबून लहान केल्या म्हणालास ना? मग काहीतरी गेलंच असणार," ताई म्हणाली.

"या फ्लॅक प्रकारच्या फायलींमधून काही जात नाही गं," भाऊ म्हणाला. "कपडे घडी घालून बॅगेत ठेवावेत तसं. उघडले की जसेच्या तसे. फक्त तुझ्या सीडीप्लेयरला घड्या उलगडता येत नाहीत, म्हणून मी आधी उलगडतोय आणि मग डिस्कवर लिहिणार."

त्याचा कॉम्प्युटर लिनक्स प्रणालीवर चालायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकत होत्या. ताईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तेच तिला खटकत होतं. बाबा घरी गाणं शिकवायचे, या दोघांनाही, आणि प्रत्येकाचं गाणं टेप करून ठेवायचे. त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या भावाने, एकट्याने. उद्या ताईला ही सीडी तिच्या स्वतःच्या क्लासमधल्या मुलींना ऐकवायची होती.

"थांब. लिहायच्या आधी मला ऐकू दे."

तिने हेडफोन लावला. एकेक गाणं संपत होतं. गाणं संपलं की बाबांची खुर्ची करकरायची आणि ते काहीतरी बोलायचे. भावाच्या गाण्यानंतर तर खो खो हसून म्हणाले होते, "बेसूर रे, बेसूर!"

मग तिचं गाणं आलं. शाळेत होती तेव्हाचं. शेवटचा सूर विरला आणि आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटला. खुर्ची नाही, बाबा नाहीत.

ताईने हेडफोन काढला.

"सगळ्यांच्या मागे खुर्ची वाजते. माझ्याच मागे नाही."

"टेप संपली असेल."

"टेप संपली तर या यादीत त्याच बाजूला माझ्यानंतर आणखी दोन गाणी कशी?"

भाऊ उगाच कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला.

"बाबा मला 'वा' म्हणाले असणार," ताईचा आवाज चढला. "तुला बेसूर म्हणाले आणि मला वा. तेवढ्यानेही तुझ्या पोटात दुखलं. मूळ फाईल कुठेय?"

"ती नाही राहिली. कॅसेटलाही बुरशी लागली."

तो फार पटकन बोलला. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर वाकली. तिच्या नावाच्या दोन फायली होत्या. एक जराशी मोठी.

"ही काय?"

"ताई, राहू दे ना." त्याने माऊसवर हात ठेवला. तिने तो बाजूला सारला.

गाणं तेच होतं. शेवटचा सूर विरला. पेटीचा भाता मिटला. मग बाबा पेटीवाल्याशी दबक्या आवाजात बोलले, "आवाज गोड आहे. पण गाणं नाही हो हिच्यात. घरात बोलू नका, पोर हिरमुसेल." आणि खुर्ची करकरली.

ताईने फाईल थांबवली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"म्हणून कापलं," भाऊ म्हणाला.

"मग मोठी फाईल ठेवलीस कशाला?"

"बाबांचा आवाज होता. पुसायला हात धजावला नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, खरं बोलतोय की नाही ते जोखत. मग मान वळवली.

"मोठी लिही."

"अगं, उद्या मुली ऐकतील. आणि ही डिस्क एकदा लिहिली की पुसता येत नाही."

"लिही म्हटलं ना."

त्याने एक ओळ टाइप केली. ड्राइव्ह घरघरायला लागला.

ताईने हेडफोन पुन्हा कानांवर चढवला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. टेबलावर बोटाने ठेका धरला, क्लासमध्ये एखाद्या नव्या मुलीचं ऐकताना धरायची तसा. एका जागी ती थांबली, मागे गेली, तीच ओळ परत ऐकली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आवाज खरंच गोड आहे," ती म्हणाली. "या पोरीला शिकवत कोण होतं?"