पाठवणीआधीचा पेंढा

गाठी बांधायच्या लाकडी पेटीत उतरून पौर्णिमा पेंढा तुडवू लागली, तशी गोजाबाई तिच्यावर करवादली. उद्या लग्न, हातावर मेंदी, आणि ही पेंढ्यात. पण गाठी न्यायला टेम्पो संध्याकाळीच येणार होता आणि गोजाबाईच्या नवऱ्याच्या, पांडूच्या गुडघ्यांना आता पेटीत उतरणं झेपत नव्हतं. त्यांचा मुलगा रत्नदीप होता तेव्हा हे काम त्याचं. तो गेला, आणि कुणी न सांगता पौर्णिमानं ते अंगावर घेतलं.

पांडू वरून पेंढा टाकायचा, ती तुडवायची. पेटी गच्च भरली की दोघं मिळून दोर आवळायची आणि बांधलेली गाठ खळ्यावर लोटायची. गोजाबाई सांडलेला पेंढा गोळा करत होती.

दुपारी भाकरी खाताना पौर्णिमानं उद्याचं मोडता येईल का, असं पांडूला हळूच विचारलं. मुरबाडचा मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण लावणीला, म्हशीला, गोजाबाईच्या दम्याला मागं कोण होतं?

उत्तर गोजाबाईनंच दिलं.

"आमी काय जलमभर पुरणार हाव? पोरीनं आपल्या घरी जावं."

"माझं घर हेच हाय, आई."

गोजाबाई ताट उचलून मागल्या दारी गेली. मग बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी गाठी गेल्या. गोजाबाईनं पौर्णिमाला उंबऱ्यावर बसवून तिच्या केसांतल्या काड्या वेचल्या. काड्या संपल्या तरी तिची बोटं केसांतून फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी विहारात माणसं मावेनात. त्रिशरण-पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी मुलीच्या आईवडलांना पुढं यायला सांगितलं. पौर्णिमानं मान वर करून गोजाबाईकडं पाहिलं.

गोजाबाई जागची हलली नाही. शेजारी सापगावहून आलेली बाई बसली होती. गोजाबाईनं तिचा हात धरून तिला उठवलं.

"जा, इहीणबाई, लेक तुमची हाय," ती म्हणाली. "माझा रत्नदीप गेला तेव्हाच ती तुमाला परत द्यायला हवी होती. पण सून मला सोडवली नाय."