दारापासून देव्हाऱ्यापर्यंत

"घाला की तुम्हीही," सुप्रभा म्हणाली. "पायपुसण्यावर काय उभे राहिलात? या आत."

शशिकांत बूट हातात धरून दारातच घुटमळत होते. लीड्सच्या या घरात चाळीस वर्षांत कोणी पायात काही घालून आत आलं नव्हतं. बॉयलर दुरुस्त करायला येणाऱ्यालासुद्धा सुप्रभा आधी निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या द्यायची, बुटांवरून चढवायला. हॉलमधून सरळ किचन आणि किचनच्या कोपऱ्यात देव्हारा. त्यापुढे चर्चा नसायची.

दोघांचेही बूट आपले म्हणायला नवे. घेऊन अकरा वर्षं झाली होती. दुकानातल्या मुलीने बजावलं होतं, आठवडाभर घरात घालून फिरा, म्हणजे पायाला बसतील. घरात देवासमोर बूट घालायचे, हे शक्य नव्हतं. बाहेर घातले तर चिखलाने खराब झाले असते. म्हणून ते पोर्तुगालसाठी राखून ठेवले. दक्षिणेचा किनारा, पाइनच्या जंगलातून निघून समुद्राच्या कड्याकड्याने जाणारी पायवाट. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी कुणा एकाचं ऑन-कॉल आडवं यायचं. नवरा हाडांचा डॉक्टर, बायको भूल देणारी. रजा हा प्रकार दोघांना फक्त पेशंटना लिहून देण्यापुरता माहीत.

आता दोघं रिटायर होते आणि शनिवारचं विमान होतं, म्हणून आज पहिल्यांदाच बूट घरात घालून चालून बघायचं ठरलं होतं. शशिकांतांनी नकाशा छापून फ्रिजवर लावला होता. पहिल्या दिवशी चार मैल. कुठे बसायचं, कुठे पाणी प्यायचं, सगळं वेळेसकट लाल पेनने लिहिलेलं, वॉर्डातल्या चार्टवर लिहावं तसं.

"माझी लेस तेवढी बांधा," सुप्रभा दाराजवळच्या जिन्याच्या पायरीवर बसत म्हणाली. "थंडीने बोटं आखडलीयत."

हीटिंग चालू होतं. शशिकांतांनी गुडघ्यावर बसून लेस बांधली, वर एक गाठही मारली.

"देवा, आजच्या दिवस चालवून घे," ती किचनकडे बघून पुटपुटली. मग भिंतीला हात लावून उठली आणि दारापासून मोजून-मापून निघाली.

शशिकांत खाली बसून स्वतःचे बूट चढवत होते. आधी त्यांना वाटलं, काहीतरी सांडलंय. फिकट कार्पेटवर काळा भुगा पडला होता. मग लक्षात आलं, तो तिच्या बुटांतून पडतोय. सोल शिळ्या खारीसारखे सुटत होते. वापरलेले बूट झिजतात हे त्यांना ठाऊक होतं. न वापरलेलेही पडून पडून आतल्या आत कुजतात, हे दुकानातल्या मुलीने सांगितलं नव्हतं.

"अगं, सोल गेले तुझे!" ते ओरडले. स्वतःच्या बुटावर अंगठा दाबला, तर तोही आत गेला. "माझेही गेले. काही बिघडत नाही. आजच सिटी सेंटरला जाऊ, नवीन घेऊ. शनिवारला अजून चार दिवस..."

बोलता बोलता त्यांची नजर तिच्या मागे पडलेल्या भुग्यावर गेली.

उजव्या पायाचे ठसे सुटे सुटे होते. एक ठसा, मध्ये कार्पेट, मग दुसरा ठसा. डाव्या बाजूला ठसे नव्हतेच. दारापासून किचनपर्यंत एकच काळी रेघ फरफटत गेली होती.

तीस वर्षं त्यांनी क्लिनिकमध्ये हेच केलं होतं. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो त्यांचं निदान झालेलं असायचं. "नोट्स नंतर. आधी वॉक बघा," असं ते ज्युनियर डॉक्टरांना दटावायचे. सुप्रभाबरोबर ते रोज पार्कात फिरायला जात, पण तिचा हात काखेत धरून. शेजारून चालणाऱ्याला चाल दिसत नाही.

ती किचनच्या चौकटीला धरून उभी होती. तिनेही वळून रेघ पाहिली.

"पाय कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि बोटं?"

"गुढीपाडव्याला पुरणपोळी लाटवेना. तुम्हाला विकतची वाढली, तुम्ही छान झालीय म्हणालात."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही नकाशा लिहीत होतात."

शशिकांतांना स्वतःचा संताप आला. आधी पाय, मग बोटं, ही बेरीज त्यांनी आजवर तीनदा केली होती. तिघांनाही त्यांनी न्यूरॉलॉजीकडे पाठवलं, आणि तिघांपैकी आता कोणीही नव्हतं. सुप्रभालाही ही बेरीज येत होती. इतके महिने ती एकटीच ती घेऊन बसली होती आणि ते लाल पेनने पाणी प्यायच्या जागा ठरवत होते.

ते उठले. तिला धरून खुर्चीवर बसवलं, लेस सोडली. बूट काढताना सोलचा राहिलेला तुकडाही हातात आला. देव्हाऱ्यात सकाळचं फूल अजून ताजं होतं.

"वरदा किती वाजता येतेय?" सुप्रभाने विचारलं. वरदा त्यांची मुलगी. तिकिटं तिनेच काढली होती आणि दोघांना शनिवारी विमानतळावर सोडायला ती लंडनजवळच्या मेडनहेडहून मुद्दाम आजच राहायला येत होती.

"सहाच्या ट्रेनने." ते म्हणाले. "तिला काय सांगायचं गं?"

"आधी हूव्हर फिरवून भुगा ओढून घ्या. ती रेघ तिला दिसायला नको." तिने पाय खुर्चीखाली घेतले. "आणि बूट टाकू नका, दाखवायला लागतील. सोल गेले म्हणून जात नाही, म्हणावं. खोटं थोडंच आहे!"