थकलेला हप्ता

"फोन रोख घ्यायला पैसे देत व्हतो मी. पण आमचा कुलदीप म्हणाला, माझ्या पगारातून हप्त्यानं फेडीन," उद्धवराव म्हणाले.

वसुलीला आलेल्या गणराजला काही उमगेना. चिखलीत दुमजली घर, दारात गाडी. दिवाळीपासून पोराच्या फोनचे हप्तेही उद्धवरावच वेळेवर भरत होते, आणि आता अचानक थांबले होते.

"मग काका, उरलेले एकदम भरून मोकळे व्हा. तुम्हाला काय जड आहे?"

"न्हाई भरणार."

"फोन मुलाच्या नावावर आहे. बोलवा त्याला."

"तो घरी न्हाई."

गणराजचा आवाज चढला. "कुठंही लपू द्या. नंबर बदललेले, गाव सोडून गेलेले, सगळे सापडतात आम्हाला. एकदा मागे लागलो की सोडत नाही."

उद्धवरावांनी लगबगीनं खुर्ची पुढे ओढली. खिशातून घडी पडलेला फोटो काढून त्याच्या हातात ठेवला.

"पोलिसांनी हात टेकले, बाळा. दिवाळीला भांडून गेला, तवापासून फोन बंद हाय. तुमचा पैसा बुडणार न्हाई, घावला की सगळा रोख देतो. तुमी तरी त्याच्या मागं लागाल, म्हणून तर हप्ता थांबवलाय."