एरंडेलाची बोटं

मोतिया रेशमाच्या बाहीवर पाच बोटं स्वच्छ उमटली होती, आणि बोटांना वास एरंडेलाचा.

छोटीने कपाळावर हात मारून घेतला. पन्नाशी जवळ आली तरी घरात तिचं नाव छोटीच होतं. पुढच्या खोलीत मशीन चालवून आईबाबांचं आणि स्वतःचं पोट तीच भरत होती. संध्याकाळी नवरी मुलगी हा झगा घालून बघायला येणार होती. दुसरं कुठलं तेल असतं तर पावडर टाकून निघालंही असतं. पण एरंडेल! मधासारखं घट्ट, एकदा बसलं की बसलं.

"बाबा!"

गेला महिनाभर हेच चाललं होतं. दाराची मूठ चिकट, रिमोट चिकट, उशांचे अभ्रे पिवळे. न्हाणीघरात परवा तीच घसरून आपटता आपटता वाचली. या वयात टकलाला तेल, भुवयांना तेल, कोपरांना, टाचांना तेल, आणि वर ऐकून घ्यायचं, "कातडीला चांगलं असतं गं." तिने गोडीत सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, बाटली माळ्यावर लपवून पाहिली. दुसऱ्या दिवशी नवी बाटली हजर.

तिला कारण ठाऊक होतं, म्हणून जास्तच चीड येई. आई माणसं विसरत चालली होती. छोटीला ती कधी बहीण समजे, कधी नर्स. पण बाबांना खोलीतसुद्धा घेत नसे. "आमच्या ह्यांचे केस असे दाट आहेत. हा टकल्या कोण?" म्हणून किंचाळे. म्हणजे बाबा केस उगवायची वाट बघत होते!

झगा हातात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. बाबा कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवून उभे होते.

"हे बघा, काय करून ठेवलंत! आणि दगडावर कधी गवत उगवतं का हो बाबा?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून बाही निरखली. "ही बोटं माझी नाहीत."

"मग काय भूत लावून गेलं?"

त्यांनी आपला जाडजूड पंजा डागाशेजारी धरला. डाग त्याच्या निम्माही नव्हता.

"आई?" छोटी म्हणाली. "तिच्या हाताला तेल कुठून लागलं?"

"चल," बाबा म्हणाले. "पण दाराबाहेरच थांब. आणि ओरडू नकोस."

आई खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होती. बाबा आत गेले नाहीत. उंबरठ्यावरच फतकल मारून बसले आणि टकलावर बाटली उपडी केली. तेल कानामागून कॉलरमध्ये उतरलं. ते भलतीकडेच चोळत राहिले.

आईने एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. मग तिला राहवेना.

"अहो, असं लावतात का तेल? सदऱ्याची वाट लावलीत! द्या ती बाटली इकडे."

बाबा सरकत सरकत खाटेशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. आईची बोटं माथ्यावरून फिरू लागली, मानेपर्यंत गेली, परत वर आली. उरलेलं तेल तिने स्वतःच्या भेगाळलेल्या हातांना चोळलं. बाबांनी मान न वळवता गोळी आणि पाण्याचा पेला मागे धरला. आई गोळी तोंडात टाकून पाणी प्यायली आणि पुन्हा डोक्याला भिडली. हीच गोळी रोज सकाळी तिच्या गळी उतरवायला छोटीला मशीन सोडून तासभर झगडावं लागे.

"आधी केसांसाठीच लावत होतो," बाबा हळूच म्हणाले. "काल मात्र माझा डोळा लागला, आणि ही तशीच उठून तुझ्या रेशमावर हात फिरवून आली. मऊ लागलं असेल."

छोटीने बाही उलटून शिवण बघितली. बाहीपुरतं कापड उरलं होतं. बाही उसवायची, नवी बेतायची, म्हणजे दुपार गेलीच. राग तर अजून तसाच होता, फक्त तो काढायचा कुणावर, ते कळेना. ती कात्री आणायला वळली.

"तुमच्या घरी कुणी नाही का हो, तेल लावून द्यायला?" मागून आईचा आवाज आला.

"आहे ना. रोज लावते."

"मग तिला सांगा, जरा बेताने ओतत जा म्हणावं. डोकं कसं चिकट्ट झालंय नुसतं!"

"सांगून बघतो," बाबा म्हणाले. "ऐकेल असं काही वाटत नाही."