केसभर पुढे

नॉब नव्हता. चार दिवसांच्या तापातून उठून वस्ताद दुरुस्तीच्या टेबलाशी बसले, सवयीने हात पुढे केला, आणि बोटं गुळगुळीत पत्र्यावर आपटली. ज्या पॉवर सप्लायवर त्यांनी पंचवीस वर्षं लोकांची यंत्रं जगवली, त्याच्या तोंडावर आता एक इवलासा पडदा होता आणि त्याखाली दोन बटणं. एक वर, एक खाली.

"ही लिफ्ट कुणी बसवली इथं?"

"मी," काउंटरवरून लेक म्हणाली. "आकडा ठरवायचा, तेवढेच व्होल्ट येतात. पाच म्हणजे पाच."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

हे खरं होतं, म्हणून वस्ताद आणखीच पेटले. गल्ली त्यांना वस्ताद म्हणायची ते काय उगाच? त्यांना मीटर लागत नसे. नॉबशेजारी, यंत्राच्या बोर्डाला लागणाऱ्या पाच व्होल्टच्या जागी त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. नॉब ठिपक्यावर आणायचा, बोर्ड जोडायचा, संपलं. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून एक बोर्ड जळला नव्हता, आणि हे ते आल्यागेल्याला ऐकवत. कुणी नुसता पत्ता विचारायला आला तरी त्याची सुटका नसे.

दुकानाचा नियमही त्यांचाच. ज्याच्या हातून बोर्ड जळेल त्यानं टेबल सोडायचं, मग तो कुणी का असेना. दोन कारागीर असे गेले. तिसरी लेक. इलेक्ट्रॉनिक्स शिकून पहिल्या वर्गात पास झाली, टेबलावर बसली, आणि आठव्या दिवशी दवाखान्याच्या एका यंत्राचा बोर्ड तिच्यासमोर काळा पडला. "हात जड आहे तुझा," एवढंच वस्ताद म्हणाले. तेव्हापासून चार वर्षं ती काउंटरच्या स्टुलावर बसून आलेल्या वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवत होती.

"माझा नॉब परत लाव. आत्ताच्या आत्ता. मी अजून मेलो नाही."

लेक वाद घालत बसली नाही. खणातून जुना नॉब काढला, खालच्या डबीसकट, आणि तीन वायरींनी पॉवर सप्लायला जोडून दिला. बोर्डाच्या जागी जोडायला टॉर्चचा एक छोटा बल्ब ठेवला.

"करून दाखवा."

वस्तादांनी मान तिरकी करून नॉब फिरवला, मग बल्ब जोडला. बल्ब शांतपणे लागला. "बघ. याला म्हणतात हात. तुझ्या बटणांना जन्मात नाही जमायचं."

लेक वाकली. "ठिपक्याच्या पुढे गेलात."

"केसभर."

"मला म्हणाला होतात, नेमकं ठिपक्यावर. केसभरही पुढे नाही. त्या दोघांनाही हेच सांगितलं असेल."

ठिपक्यापाशी नॉब किंचित खरखरतो, हे वस्तादांच्या हाताला कधीचं ठाऊक होतं. तोंडाला नव्हतं. हात आपला मुकाट्याने खरखर ओलांडून थांबायचा, आणि कौतुक सगळं तोंड खाऊन जायचं.

"ठिपक्यावर थांबवा, बाबा."

त्यांनी रागारागाने नॉब मागे घेतला. नेमका ठिपक्यावर. पडद्यावरचा आकडा पाचवरून तिसावर उडाला, बल्ब पांढराफटक भडकला आणि विझला.

लेकीनं वायरी सोडवल्या, डबीचं झाकण उचकटून डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. आत घोड्याच्या नालासारखी काळी पट्टी होती. एकाच जागी ती घासून घासून पार उडाली होती.

"इथं आलं की संपर्क तुटतो आणि सगळेच्या सगळे व्होल्ट सुटतात," ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही, पण झाकण टेबलावर ठेवलं ते आपटूनच. "रोज कुणीतरी इथंच नॉब घासलाय. पंचवीस वर्षं."

वस्तादांनी डबी टेबलावर ठेवली. मग टेबलावरचा चष्मा उचलून ते उठले आणि काउंटरच्या स्टुलावर जाऊन बसले.

इतक्यात एक जुनं गिऱ्हाईक बगलेत यंत्र घेऊन आत आलं. "वस्ताद, तुम्ही इथं कसे?"

"बोर्ड जळले माझ्या हातून," चिठ्ठी शोधत वस्ताद म्हणाले. "तीन."