वीस पावलं मागे

सोसायटीच्या फाटकाबाहेर येताच विनयाबाईंनी नवऱ्याचा हात सोडला.

ते चालू लागले. त्यांनी वळून पाहिलं नाही. आताशा ते वळून पाहतच नसत. पायांत चपला, अंगात इस्त्रीचा सदरा, चाल ताठ. बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ कुठेतरी कामाला निघालेत. तीच तर अडचण होती. विनयाबाई वीस पावलं मागे राहून चालू लागल्या.

वर तिसऱ्या मजल्यावर मुलगा हर्षवर्धन आणि सून स्वप्ना रिकामा फ्लॅट बघत होते. मुलाची बदली मुंबईला झालेली, जूनमध्ये चिपळूणचं बिऱ्हाड इकडे नालासोपाऱ्याला आणायचं, म्हणून हा तिसरा फेरा. आज हो की नाही ते सांगायचंच होतं. फोनमधल्या यादीवर हर्षवर्धन खुणा करत होता. पाणी किती वाजता येतं, पावसात कुठली गल्ली तुंबते, नात ज्ञानदाची शाळा किती लांब.

विनयाबाईंचा प्रश्न त्या यादीत नव्हता. चिपळुणात हे महिन्यातून चारदा वाट चुकत आणि चारही वेळा कुणीतरी घरी आणून सोडी. न्हावी स्कूटरवर मागे बसवून आणी. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर आधी चहा पाजी, मग निरोप धाडी. इथे कोण आणून सोडेल, हे विचारायचं तरी कुणाला? म्हणून त्यांनी हात सोडला होता.

अकरा वाजून गेले होते. कामावर जाणारे सकाळीच गेले होते. वॉचमन फोनमध्ये बघत होता, त्याने मानही वर केली नाही. रिक्षावाला मागच्या सीटवर पाय दुमडून झोपला होता. किराणा दुकानातल्या बाईने त्यांना येताना पाहिलं, जाताना पाहिलं आणि साखर तोलली. कानात वायर घातलेली एक मुलगी समोरून आली, तिने “सॉरी हां अंकल” म्हणत वाट दिली. माणसं चांगली होती. कुणीही त्यांना अडवलं नाही.

इमारती संपल्या. पलीकडच्या गास गावातल्या वाड्या सुरू झाल्या. डांबर सुटलं, कच्ची वाट केळींमध्ये उतरू लागली. विनयाबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. वीस पावलांची पन्नास कधी झाली ते त्यांना कळलंच नाही. आणि आता धावणं काही जमणार नव्हतं.

वाटेच्या तोंडाशी एक म्हातारी भाजी मांडून बसली होती. लाल लुगडं, गळ्यात क्रूस.

“ओ बाबा, तिकडे कुठे?”

ते थांबले नाहीत.

“काका, ओ काका!” म्हातारी भाजी तशीच टाकून उठली आणि तिने त्यांचं कोपर धरलं. “तिकडे बावखल हाय, पाण्याचं. खोल हाय. पडाल, आणि वर काढायला मला उतरावं लागेल.” तिने त्यांना उलट्या क्रेटवर बसवलं, एक केळं सोलून हातात दिलं.

विनयाबाई धापा टाकत पोचल्या.

“बाय, तुमचे का हे?”

“हो.”

“मघापासून बघते, मागे मागे येता. मला वाटलं, भांडण झालंय.”

विनयाबाईंनी दोन वाक्यांत काय ते सांगितलं. म्हातारी रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती तोंडल्यांचा ढीग नीट करत राहिली.

“मग? किती जणांनी अडवलं?”

“तुम्ही एकट्यांनी.”

“दिवसा त्या बिल्डिंगींत कोण हाय? कुलपं.” तिने नाव सांगितलं, मटिल्डा.

“तुम्ही रोज बसता इथे?”

“रोज. रविवारी चर्चात मिस्सा करून येते. पावसात मोठी छत्री बांधते.”

“आणि पुढे?”

मटिल्डाने त्यांच्याकडे नीट बघितलं. “मला एकाहत्तर चालू हाय, बाय. आणखी काय, कागदावर लिहून देऊ?”

विनयाबाईंनी मान खाली घातली. मटिल्डाचा आवाज जरा उतरला. “बाबा म्हटलं, काका म्हटलं, थांबले नाय. आज हात पोचला म्हणून. उद्या नाय पोचला तर? नाव काय त्यांचं?”

सेहेचाळीस वर्षं विनयाबाईंनी ‘अहो’वर काढली होती. नाव घेतलं ते हळदीकुंकवाला, उखाण्यात, मैत्रिणींनी अडवल्यावर. दवाखान्यातही त्या केसपेपर पुढे सरकवत.

“सुधाकर,” त्या पुटपुटल्या.

“मला सांगून काय उपयोग? ते बघा, निघाले.”

केळ्याचं साल क्रेटवर ठेवून ते पुन्हा वाटेला लागले होते. मटिल्डा बसल्या जागेवरून हलली नाही. “मारा हाक. येतात का, ते बघू दे मला.”

“अहो,” विनयाबाईंनी हाक मारली. ते चालतच राहिले. “अहो, ऐकलंत का?”

केळीची पानं हलली, ते त्यांच्याआड होऊ लागले.

“सुधाकर.”

ते थांबले. वळले.

“आलो गं आई,” ते म्हणाले, आणि भराभर पावलं टाकत सरळ विनयाबाईंकडे आले.

“येतात की,” मटिल्डा म्हणाली. मग विनयाबाईंकडे न बघता ती भाजीवर पाणी शिंपडत बसली.